मार्क ४ म्हणजे नेमकं कोणतं? आजोबांचं वेब्ली, काकांचं कानपुरी आणि फोटोतलं तिसरंच

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या एका वाचकांनी विचारलं आहे: "वडील वारल्यावर आजोबांच्या वेळचं वेब्ली अँड स्कॉटचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर वारसाहक्कानं माझ्या नावावर करून घ्यायचं चाललं आहे. त्यावर 'मार्क ४' असा ठसा आहे. काकांकडे कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं बत्तीस आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतात. आजोबा पोलिसात होते, त्यांच्या फोटोत कमरेला दिसतं तेही तसंच. एक जण म्हणतो, सगळा एकच माल, इंग्रजी विकून टाक. दुसरा म्हणतो, लाखमोलाची चीज आहे, पॉलिश करून चकचकीत ठेव. खरं काय मानायचं?"

पहिली गोष्ट, पॉलिश करू नका. का, ते पुढे सविस्तर येईलच, पण तोवर कोणाच्या हातात बफिंगचं चाक जाऊ देऊ नका.

मी तीस वर्षं पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो आणि निवृत्तीनंतर सोलापुरातच परवानाधारक दुकानात दुरुस्तीचं काम पाहतो. या घराण्यातली रिव्हॉल्वरं माझ्या हाताखालून इतकी गेली आहेत की डोळे मिटून मूठ धरली तरी कोणतं ते कळतं. 'सगळा एकच माल' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे आणि त्यापायी चांगल्या हत्यारांचं नुकसान झालेलं पाहिलं आहे. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी हत्यारं आहेत. तिघांचा आकार एका वंशातला, पण प्रत्येक जण वेगळ्या गरजेपोटी जन्माला आलेला. ती गरज कळली की फरक लक्षात ठेवावे लागत नाहीत, आपोआप दिसतात.

आधी 'मार्क ४' या शब्दाचा घोळ. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं ब्रिटिश सैन्याला .४५५ बोअरचं पहिलं रिव्हॉल्वर दिलं ते १८८७ मध्ये, ते मार्क १. मग सुधारणा होत गेल्या: मार्क ४ हे १८९९ चं, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचं बोअर लोकांशी युद्ध झालं त्या वेळचं. मार्क ५ आलं १९१३ मध्ये, कॉर्डाइट ही धूररहित दारू सोसावी म्हणून त्याचा सिलिंडर जरा जाड केलेला. मार्क ६ हे १९१५ चं, पहिल्या महायुद्धात सर्वांत जास्त फिरलेलं, ६ इंची नळीचं आणि वजनाला किलोच्या वर. मार्क ५ पर्यंतची मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी गोलसर, मार्क ६ ची चौकोनी. हे सगळं .४५५ चं घराणं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सैन्यानं ठरवलं की एवढं दणदणीत काडतूस नवशिक्या शिपायाला झेपत नाही, लहान बोअर हवं. तेव्हा वेब्लीनं अडतीस बोअरचं नवं रिव्हॉल्वर तयार केलं आणि त्यालाही नाव दिलं मार्क ४. म्हणजे १८९९ चं मार्क ४ आणि हे मार्क ४ यांचा रोमन आकडा सोडला तर फारसा संबंध नाही. तुमचं बत्तीस या दुसऱ्या, धाकट्या मार्क ४ च्या कुळातलं. सैन्यासाठी अडतीस आणि खासगी गिऱ्हाइकांसाठी बत्तीस नि बावीस अशी ती पुढे निघाली. म्हणून कोणी नुसतं "मार्क ४ आहे" म्हणालं तर माझा पहिला प्रश्न असतो, बोअर किती?

आता फोटोकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत होल्स्टरचं झाकण मागे सरकलेलं आहे आणि घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणारा भाग, दिसतो. त्या घोड्याला मागे अंगठ्यानं ओढायची शेपटी नाही, मागची बाजू सपाट आहे. ते वेब्ली नव्हे. ते एनफिल्ड नंबर २. अडतीस बोअरचं, सरकारी मालकीचं.

एनफिल्डची कथा वेब्लीच्या माणसांना फार लागली होती. वेब्लीनं आपलं अडतीस सरकारला दाखवलं, सुधारणा करून दिल्या, आणि सरकारनं एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात जवळजवळ तसंच रिव्हॉल्वर बनवून १९३२ मध्ये सैन्यात घेतलं. वेब्लीनं २,२५० पौंडांची भरपाई मागितली. न्यायालयात दाद लागली नाही, पुढे शोधकांना बक्षिसं देणाऱ्या शाही आयोगानं १,२५० पौंड दिले. मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो, कारण 'दिसायला सारखं' हा गोंधळ थेट तिथून सुरू होतो. बाहेरून पाहणारा फसतो. आत मात्र एनफिल्डवाल्यांनी कळ बदलली: फ्रेमच्या बाजूची पट्टी स्क्रू काढून सुटी होते आणि आतलं यंत्र उघडं पडतं. वेब्लीला अशी पट्टी नाही. एकाचा घोडा, चाप, स्प्रिंग दुसऱ्यात बसत नाही. मी हे पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वरिष्ठानं वेब्लीत एनफिल्डचा भाग घासून बसवायचा प्रयत्न माझ्यासमोर केला, आणि दोन्ही भाग वाया गेले.

एनफिल्डचेही तीन प्रकार. १९३२ चं मार्क १, त्याच्या घोड्याला शेपटी आहे. १९३८ मध्ये मार्क १ स्टार आलं, शेपटी उडवलेली, फक्त चाप ओढूनच चालणारं. रणगाड्याच्या अरुंद पोटात शेपटी कपड्यात नि तारांत अडकते, हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. मुठीलाही बदल झाला, अंगठा टेकायला खोबण आली आणि एका बाजूला पितळी चकती. १९४२ मध्ये युद्ध ऐन भरात असताना मार्क १ दोन स्टार काढलं. काम लवकर उरकावं म्हणून त्यातला घोडा अडवणारा सुरक्षेचा भागच वगळला. असं भरलेलं रिव्हॉल्वर हातातून पडून घोड्यावर आपटलं तर बार उडू शकतो. युद्धानंतर ती परत मागवून त्यांत तो भाग बसवला गेला.

इथे जाणकारही चुकतात. फ्रेमवर १९३४ किंवा १९३५ साल आहे आणि घोड्याला शेपटी नाही, म्हणजे कोणीतरी छेडछाड केली, असं म्हणून मोकळे होतात. तसं नसतं. जुनी मार्क १ दुरुस्तीला आली की कारखान्यातच तिची स्टार केली जायची आणि ठशाशेजारी चांदणी मारली जायची. साल जुनं, चांदणी नवी, आणि दोन्ही खरी.

एनफिल्डचा कारखाना एकटा पुरा पडेना म्हणून ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सनंही ती बनवली, आणि क्लाइडबँकच्या सिंगर कंपनीनं, होय, शिलाई मशीनवाल्या सिंगरनं, त्यांचे सुटे भाग पुरवले. सोलापुरात घरोघर सिंगरच्या मशिनी पाहिलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. तरीही पुरवठा कमी पडला तेव्हा सरकार वेब्लीच्याच दारात गेलं आणि मार्क ४ मोठ्या संख्येनं घेतलं. त्या युद्धकाळच्या वेब्लीवर फ्रेमला 'वॉर फिनिश' असे शब्द ठसवलेले आढळतात. कंपनीला सांगायचं होतं की हा राखाडी, कानशीच्या रेघा राहिलेला पृष्ठभाग आमची नेहमीची कारागिरी नाही, युद्धामुळे घाई आहे. आपल्या नावाची एवढी काळजी करणारा कारखानदार मला फार आवडतो.

आता तुमच्या घरच्या वेब्लीबद्दल. तुम्ही दुकानात आणलंत तेव्हा ते सोलापुरी चादरीच्या तुकड्यात बांधलेलं होतं. सुताचा तो तुकडा तेल पितो, आणि सुताचा बारीक भुसा तेलात कालवून यंत्रात जातो. मी उघडलं तर घोड्याच्या बुडाशी काळपट लगदा बसला होता, जुन्या मागाच्या धोट्यात बसतो तसा. आपल्याकडे कोणी खोबरेल लावतं, कोणी शिलाई मशीनचं तेल ओततं. खोबरेल काही महिन्यांत चिकट होतं आणि चाप जड लागायला लागतो. मग लोक म्हणतात, इंग्रजी माल म्हातारा झाला. तो म्हातारा झालेला नसतो, नुसता चिकटलेला असतो.

साफ केल्यावर मी ठशांवर पांढरा खडू घासला आणि भिंगातून पाहिलं. हे कोणीही करू शकतं, धातूला काही होत नाही, खडू खाचांत बसतो आणि अक्षरं उठून दिसतात. फ्रेमवर पंख फुटलेल्या गोळीचं चित्र आलं, ते वेब्लीचं बोधचिन्ह. नळीवर मुकुटाखाली बीएनपी अशी अक्षरं आली. बर्मिंगहॅमच्या चाचणीघरात जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासली की हा ठसा मारतात. १९०४ पासून बीपी, बीव्ही, एनपी असे तीन ठसे असत. १९५४ च्या नियमांनंतर बीएनपी असा एकच आला. म्हणून तुमचं रिव्हॉल्वर दुसऱ्या महायुद्धानंतरचं, खासगी विक्रीसाठी बनवलेलं. त्यावर 'वॉर फिनिश' नाही, सरकारी मालाची खूण असलेला बाण नाही, आणि मूळचं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला गडद निळा-काळा थर, मुठीच्या कडेला अजून शाबूत आहे. १९७९ मध्ये वेब्लीनं बंदुका बनवणंच थांबवलं, त्यामुळे ही श्रेणी पुढे वाढली नाही.

पॉलिश का नको, ते आता दिसेल. ही सगळी ओळख धातूच्या वरच्या पातळ थरात आहे. बफिंगचं चाक फिरलं की ठसे बुजतात, कडा गोल होतात, मुकुटाचा ठिपका होतो. मोहोळकडच्या एका कुटुंबानं आपलं युद्धकाळचं हत्यार एका कारागिराकडून निकेल करून आणलं होतं. आरशासारखं चकचकत होतं आणि नंबर वाचता येत नव्हता. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह खोडणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्याकडे तसं हत्यार सापडेल त्याच्यावर संशय येतो. त्या घरच्या आजींना, ज्यांनी हौसेनं पैसे दिले होते, हे समजावताना मला फार वाईट वाटलं.

नंबरावरून एक सांगून ठेवतो. काही वेब्लींवर हत्याराच्या नंबराखेरीज पेटंटचा क्रमांकही ठसवलेला असतो. एका परवान्यावर लिहिणाऱ्यानं हत्याराच्या नंबराच्या जागी पेटंटचाच क्रमांक उतरवलेला मी पाहिला आहे. तो आकडा त्या पेटंटच्या प्रत्येक रिव्हॉल्वरवर सारखाच असणार, म्हणजे नोंदीला काही अर्थच उरला नाही. वारसाहक्काची कागदपत्रं करताना परवान्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर खडू लावून, भिंगातून, स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा.

काकांचं कानपुरी बत्तीस हे या घराण्याचं देशी अपत्य. वेब्ली मार्क ४ चाच साचा: डाव्या बाजूच्या, अंगठ्यानं दाबायच्या खटक्यानं वरची कडी सुटते, नळी बिजागरीवर पुढे झुकते, आणि चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर सहाही पुंगळ्या एकदम वर उचलतो. ही उघडझाप वेब्लीचीच देणगी. पण साचा एक म्हणून हात एक होत नाही. तुमच्या वेब्लीचा घोडा चढवताना एकसारखा, लोण्यातून सुरी जावी तसा ओढा लागतो. कानपुरी बहुतेक वेळा अधिक जड आणि मध्येच खरबरीत. याला कारण हातानं केलेली शेवटची जुळणी. वेब्लीच्या बाकावर माणूस एकेका भागाला कानशीनं लावून पाहत होता. कानपुरी तुकड्यांमध्ये मात्र एका वर्षीचा माल उत्तम आणि दुसऱ्या वर्षीचा सामान्य, असा चढउतार मी स्वतः अनुभवला आहे. काकांचं मी पाहिलं आहे, ते चांगल्या तुकडीतलं आहे, कडी घट्ट बसते, नळी डुलत नाही. त्याचे भाग मिळतात, आणि ही फार मोठी जमेची बाजू आहे. तुमच्या वेब्लीचा घोड्याचा टोचा तुटला तर मला तो घडवावा लागेल. कानपुरी भाग घासून त्यात बसवून द्या, असं कोणी म्हणालं तर हत्यार उचलून घरी आणा.

कानपूरचीच पुढची पिढी म्हणजे २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक'. दिल्लीतल्या निर्भयाच्या स्मरणार्थ ते नाव दिलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, त्या वेळी किंमत १,२२,३६० रुपये. साधं कानपुरी ७०० ग्रॅमच्या आसपास. हलकं हत्यार पर्समध्ये बरं, पण हातात ते जास्त उसळतं, आणि ज्याला सराव नाही त्याला दुसरा बार नेम धरून काढणं अवघड जातं. हलकेपणाला मी फार मार्क देत नाही. त्याच कानपूरनं २०२३ मध्ये 'प्रबळ' काढलं. ऑर्डनन्स बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून ज्या सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या एडब्ल्यूईआयएल (अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड) या कंपनीचं ते. ७६ मिलिमीटरची नळी, ७०० ग्रॅम वजन, आणि सिलिंडर बाजूला झुकतो, म्हणजे वेब्लीची बिजागरी गेली. कडी नाही, त्यामुळे कडी झिजण्याचा रोग नाही. नवीनच घ्यायचं असतं तर मी तिकडे पाहिलं असतं. वेब्लीच्या नावानं उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथेही भागीदारीत बत्तीस बनू लागलं आहे. तेही मार्क ४ म्हणूनच ओळखलं जातं, म्हणून बाजारात 'वेब्ली मार्क ४' ऐकलं की बर्मिंगहॅमचं की संडीलाचं, हे आधी विचारा.

काडतुसाबाबत मात्र कान देऊन ऐका. तुमचं वेब्ली आणि काकांचं कानपुरी दोन्ही .३२ स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसाची. बत्तीस म्हटलं की पिस्तुलाचं .३२ एसीपीही बत्तीसच, आणि ते रिव्हॉल्वरच्या घरात सरकून बसतं. बसतं म्हणून चालतं असं नाही, ते वापरायचं नाही. खिशात मावणाऱ्या काही जुन्या वेब्ली आखूड बत्तीस काडतुसाच्या असतात, त्यांत लांब काडतूस घालायचं नाही. ठसा वाचायचा, मगच पेटी मागायची. आपल्याला मिळणारी काडतुसं बहुधा खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर 'केएफ' असतं.

फोटोतल्या एनफिल्डचं काडतूस .३८०, म्हणजे २०० ग्रेन गोळीचं सैनिकी अडतीस. आपल्या कायद्यात .३८० आणि .४५५ ही सैनिकी बोअर म्हणून निषिद्ध गटात येतात, त्यामुळेच आपल्याकडच्या परवान्यांवर इतकी बत्तीस दिसतात. आजोबांनी कमरेला सरकारचं अडतीस लावलं आणि घरासाठी स्वतःच्या पैशानं बत्तीस घेतलं, हे त्यामुळे नीट जुळतं.

विकायचं की ठेवायचं? वेब्ली ठेवा. लाखांचं स्वप्न पाहून ठेवू नका, तुमच्याकडे दुर्मीळ प्रकार नाही, पण मूळ ब्ल्यूइंग, स्वच्छ नळी आणि जुळणारे नंबर असलेलं हत्यार आहे, आणि ते आजोबांचं आहे. वारस म्हणून अर्ज प्रलंबित असेपर्यंत हत्यार घरात ठेवू नका. कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असावं, पावती जपून ठेवा. तुम्ही शहरात राहता म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात. काका ग्रामीण हद्दीत असतील तर त्यांचं काम जिल्हाधिकारी कार्यालयात. काकांचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार त्यांच्याकडे २५ वर्षं असेल तर तेही हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं, तेवढं लक्षात घेऊन घरात वाटणी करा.

मिळाल्यावर सिनेमात दाखवतात तसं एका हातानं झटका देऊन बंद करू नका. बिजागरीची पिन नि कडी त्यानंच झिजते, आणि एकदा नळी डुलायला लागली की आधीसारखी होत नाही. दोन हातांनी, कडी हळू दाबून बंद करायचं. रिकामा घोडाही पाडत बसू नका. चामड्याच्या होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका, कमावलेलं चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि जिथे धातूला टेकतं तिथे खड्डे पाडतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी भट्टी असते म्हणून लोक बेफिकीर राहतात, आणि जुलैत तिजोरी उघडतात तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस बुट्टे दिसतात. बंदुकीचं पातळ तेल, तेही पुसून घेतलेलं, आणि चादरीऐवजी जुन्या धोतराचं धुतलेलं मऊ फडकं. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा कराल तेव्हा तेल लावून द्या आणि परत आणल्यावर त्याच दिवशी उघडून पुसा.

हे कुळ नीट पाहायची हौस असेल तर एखाद्या रविवारी अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहून या, काकांनाही न्या. आणि आजोबांचा तो फोटो वेब्लीच्या कागदांबरोबर ठेवा. मागे पेन्सिलीनं लिहा: कमरेला एनफिल्ड, सरकारी.